बोरूटोल्याच्या पाचवीचा निकाल

मोहाडीच्या बाजारात दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट वांग्या-टमाटरांच्या जोडीने विकली जात होती. राजकुमार झंझाडने म्हणे रक्षा मॅडमसाठी अख्ख्या वर्गाचा निकाल फिरवला. एका-दोघांचा नाही, एकोणीसच्या एकोणीस पोरांचा. मॅडम त्याच्यासमोर रडल्या, हा विरघळला, आणि भर दुपारी कचेरीतल्या संगणकावर बसून त्याने आकडे इकडचे तिकडे केले. शेजारच्या खुर्चीत मॅडम बसल्या होत्या, हे डोमा चपराशाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. डोमा सांगत होता तोवर दोन खुर्च्यांमध्ये हातभर अंतर होतं. गोष्ट चहाच्या टपरीवर आली तेव्हा ते वीतभर झालं, आणि माझ्यापर्यंत पोचली तेव्हा उरलंच नव्हतं. पुढे देताना मी काहीच वाढवलं नाही असंही नाही. मॅडमनी शिंगाड्यांची पिशवी आणली होती, हे माझं.

खरं तर राजकुमारला ओळखणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकून हसायला हवं होतं. एवढं धाडस करायचं तर माणसाला आधी घाबरणं थांबवावं लागतं, आणि राजकुमारने ते कधी थांबवलं नाही. कुत्र्यांना भिऊन तो बसथांब्यावरून घरी लांबच्या रस्त्याने जातो. मोटारसायकलला भिऊन ती शिकला नाही. फोनवर साहेबांचं नाव दिसलं की उभा राहून बोलतो, बसमध्ये असला तरी. लग्नात अंतरपाटामागे असा थरथरत होता, की पलीकडून रुचिकाला वाटलं नवरदेवाला हिवताप आहे. तिने हळूच मामाला विचारलंही म्हणे. तीन मुलं झाली, पण ती अजूनही चिडली की म्हणते, "मले तेव्हाच शंका आली होती."

राहायला मोहाडीत, नोकरी शेजारच्या तालुक्यात. कोणत्या ते सांगत नाही, तिथली माणसं अजून खुर्चीत आहेत. पद शिक्षण विभागातल्या साधनव्यक्तीचं, आणि नोकरी कंत्राटी. दरवर्षी नेमणुकीचा नवा आदेश निघतो, तो हातात पडेपर्यंत हा माणूस जेवताना ताटाकडे न बघता दाराकडे बघतो. चौदा वर्षांत चौदा आदेश आले, पण भीती काही कमी झाली नाही. उलट चौदापट झाली.

काम मात्र असं, की सारा तालुका त्यालाच भ्यायचा. वर्षातून दोन-तीनदा सरकारची चाचणी होते, राज्यभर एकच पेपर. निकालाचा तक्ता येतो, त्यात शाळेच्या नावापुढे लाल, पिवळा, हिरवा रंग. तो तक्ता घेऊन शाळेत जायचं, मास्तरांना तो समजावून सांगायचा, कोणतं गणित किती पोरांना आलं नाही, का आलं नाही, आता काय शिकवायचं, हे सांगायचं. एवढंच राजकुमारचं काम. पण रंगीत कागद घेऊन तालुक्याचा माणूस येतो म्हटल्यावर समजून घ्यायला कोण बसतं? फाटकात त्याची सडपातळ आकृती दिसली की मास्तर लोक खडू खाली ठेवायचे. भित्रा माणूस भितभित आत यायचा, आणि आतली माणसं त्याच्याहून जास्त भ्यायची. दोन्हीकडून नमस्कार एकदमच व्हायचा.

निवृत्तीला आलेल्या केवळराम गुरुजींनी तर त्याला एकदा पाणी देण्याआधीच विचारलं, "राजकुमार, सांगून टाक बापू. आमची शाळा बंद पडून राहिली का?"

"नाही जी गुरुजी. मी चौदाव्या प्रश्नासाठी आलो."

चौदाव्या प्रश्नात एसटीचं वेळापत्रक दिलं होतं आणि शेवटची बस किती वाजता असं विचारलं होतं. वेळापत्रकात उत्तर होतं सव्वाआठ. केवळराम गुरुजींच्या बाराही पोरांनी लिहिलं, पाच. गुरुजी म्हणाले, पोट्ट्यांना घड्याळ येत नाही, लाल रंग बरोबर आहे. राजकुमार पोरांमध्ये जाऊन मांडी घालून बसला. म्हणाला, "काहून बे, पाच काहून लिहिलं?" एक पोरगी त्याच्याकडे असं बघू लागली जणू हा नुकताच जन्मला. "सर, आपल्या गावची शेवटची बस पाचलेच जाते ना. तुमी कशानं जासान?"

घड्याळ सगळ्यांना येत होतं. पेपरातलं वेळापत्रक बघून उत्तर द्यायचं असतं, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं. राजकुमारने ते गुरुजींना समजावलं, आणि मग घाईघाईने उठला, कारण पाच वाजत आले होते.

असा हा माणूस कामात हुशार. आकडा दिसला की त्याच्यामागे उभं असलेलं पोरगं त्याला दिसायचं. नुसता स्वतःचा आकडा त्याला एकदा दिसला नाही, त्याची ही गोष्ट.

बोरूटोला म्हणजे तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून असलेली चाळीस घरं आणि दोन शिक्षकांची शाळा. रक्षा मॅडम तिथे सहा वर्षांपासून. माहेर आसगावचं, बोलायला तिखट, शिकवायला चांगल्या. त्यांच्या पाचवीचा त्या वर्षीचा तक्ता आला तो भलताच. मागच्या वर्षी चौथीत ज्या मुली तीसपैकी पंचवीस-सव्वीसच्या खाली उतरत नव्हत्या, त्या सगळ्या सहा, आठ, नऊवर. आणि ज्या मुलांचं लक्ष खिडकीतून तलावातल्या मासोळ्यांवर असायचं, ते एकदम वर. मनिष नावाच्या पोराला अठ्ठावीस. मनिषच्या बापाने गावात पेढे वाटले, पेढे खाऊन झाल्यावर मनिषला विचारलं, "खरंच का बे?" मनिष म्हणाला, "मले काय मालूम?"

कचेरीतले साहेब त्या वर्षीच नवे आले होते. पश्चिमेकडचे, शुद्ध बोलणारे, आणि रागावले की आणखी शुद्ध बोलणारे. त्यांनी तक्ता पाहिला आणि दोन मिनिटांत निकाल लावला. मागच्या वर्षी मॅडमनी मुलींना उत्तरं सांगितली होती. या वर्षी पेपर दुसऱ्या शाळेत तपासायला जाणार म्हटल्यावर त्यांची हिंमत झाली नाही, म्हणून पितळ उघडं पडलं. रक्षा मॅडमना नोटीस गेली. सोमवारी सुनावणी. दोष सिद्ध झाला तर वेतनवाढ बंद, बदली, आणि सेवापुस्तकात कॉपी पुरवल्याची नोंद. ती नोंद निवृत्तीपर्यंत सोबत.

"झंझाड, गुरुवारी शाळेत जा," साहेब म्हणाले. "अहवाल आणा. काय लिहायचं ते मी तुम्हाला सांगितलेलंच आहे."

"हो साहेब," राजकुमार म्हणाला. उभाच होता, आणखी ताठ उभा राहिला.

गुरुवारी तो बोरूटोल्याला उतरला तेव्हा रक्षा मॅडम फाटकातच उभ्या होत्या. डोळे सुजलेले. नमस्कार नाही, पाणी नाही.

"सर, मी एक शब्द सांगितला असन तर माझी जीभ झडो. पण मले समजूनच नाही राहिलं, झालं काय? पोरी तर त्याच हायेत. मीच शिकवणं विसरली का?"

राजकुमारला वाटलं, ही बाई आता रडेल. तिच्या रडण्याचीही त्याला भीती. तो चटकन वर्गात शिरला आणि गुड्डीला बोलावलं. मागच्या वर्षी सत्तावीस, या वर्षी सहा, अशी ही गुड्डी. त्याने तिला तोच पेपर पुन्हा सोडवायला दिला. पोरगी खाली मान घालून लिहीत सुटली. मध्ये एकदा मान वर करून म्हणाली, "सर, हा तर होऊन गेला ना आमचा?" अर्ध्या तासात कागद दिला. दोन गणितं सोडली तर सगळं बरोबर.

राजकुमारने घाम पुसला. पिशवीतून तक्ता काढला, मागच्या वर्षीचाही काढला, आणि सवयीने वर्गाची सरासरी बघितली. मागच्या वर्षी सतरा. या वर्षीही सतरा.

त्याने दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. मागच्या वर्षी बाईने उत्तरं सांगितली असती आणि या वर्षी नसती, तर वर्गाचा आकडा धाडकन पडायला हवा होता. तो जागचा हललाच नव्हता. म्हणजे मार्क तेच होते. पोरं बदलली होती.

टेबलावर हजेरीपट उघडा होता. त्याने वाकून पाहिला. पहिलं नाव मुलीचं. दुसरं मुलीचं. तिसरं गुड्डीचं. नवव्या क्रमांकापर्यंत मुली, आणि दहापासून मुलं.

"मॅडम," तो म्हणाला. "पोरी वर कशा झाल्या?"

"ते होय? जून महिन्यात प्रवेशोत्सवाले आमच्या सरपंचबाई आल्या होत्या, रंभाबाई. हजेरी ऐकली अन् सगळ्यांसमोर म्हणाल्या, हर साल पोट्ट्याइचीच नावं पहिले काहून वो मॅडम? पोरी का उधारीच्या हायेत? मंग मी यादीच फिरवून टाकली. काहून, काही चुकलं का?"

साऱ्या तालुक्यात हजेरीपटावर आधी मुलं आणि नंतर मुली असतात. माझ्या आजोबांच्या वेळीही असंच होतं. पेपरवर नाव नसतं, हजेरी क्रमांक असतो, म्हणजे तपासणाऱ्याला पोरगं कळू नये. तपासणाऱ्या शाळेकडून चिठ्ठी येते: एक नंबरला इतके, दोन नंबरला इतके. बोरूटोल्याची चिठ्ठी आली त्या दिवशी कचेरीत नवी यादी नव्हती. कुणीतरी डायरीतली मागच्या वर्षीची यादी काढली, चिठ्ठीतले मार्क त्या यादीपुढे लिहिले आणि संगणकात भरले. तिसऱ्या क्रमांकाचे अठ्ठावीस गुड्डीचे. जुन्या यादीत तिसरा होता मनिष.

ती डायरी या क्षणी राजकुमारच्या पिशवीत होती. अक्षर त्याचंच होतं.

"सर, पाणी देऊ का?" मॅडमनी विचारलं. "तोंड कसं पांढरं पडलं तुमचं."

त्याने पाणी घेतलं. आता एक वाक्य बोलायचं होतं. तो म्हणाला, "बस येईन माझी," आणि गुड्डीचा कागद पिशवीत घालून निघाला. बसला अजून पाऊण तास होता. तो तलावाच्या पाळीवर पिशवी छातीशी धरून उभा राहिला. गावातलं एक कुत्रं येऊन त्याच्या पायाशी बसलं तरी त्याचं लक्ष गेलं नाही, यावरून काय ते समजा.

शुक्रवारी त्याने कचेरीत तपासून परत आलेला बोरूटोल्याच्या पेपरांचा गठ्ठा सोडला. तीन नंबरचा पेपर काढून गुड्डीच्या कागदाशेजारी ठेवला. तेच गोल अक्षर, तोच शेपटीवाला चारचा आकडा. त्याने गठ्ठा पुन्हा बांधला. त्याच आठवड्यात पुढच्या वर्षीच्या आदेशांची यादी साहेबांच्या टेबलावर होती. पंधरा तारखेला सही होणार होती. सुनावणी आठ तारखेची.

शनिवारी संध्याकाळी रुचिका कणीक भिजवत होती, हा दारातून आत, आतून दारात.

"काय झालं सांगान का, का असेच फेऱ्या मारत राहान?"

त्याने सांगितलं. रुचिकाने कणकेतून हात काढला नाही.

"ऑर्डर हातात येऊ द्या," ती म्हणाली. "मंग बोला."

"तोपर्यंत बाईच्या पुस्तकात नोंद होऊन जाईन ना वो."

"मंग मी काय सांगू? बोला म्हणलं तर पोरांच्या तोंडाकडे पाहा लागते. नोका बोलू म्हणलं तर तुमच्या तोंडाकडे. तुमाले माहीत हाये काय करायचं, मले कायले विचारता?"

"मले भेव लागते."

"ते तर मले अंतरपाटापासून माहीत हाये," रुचिका म्हणाली. हसली मात्र नाही.

सोमवारी साहेबांच्या खोलीत रक्षा मॅडम उभ्या होत्या. सोबत रंभाबाई सरपंच आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि बाहेर जा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. त्या खुर्ची ओढून बसल्या. साहेबांनी टाइप केलेला अहवाल राजकुमारपुढे सरकवला. 'मागील चाचणीत शिक्षिकेने विद्यार्थिनींना उत्तरे पुरविल्याचे दिसून येते.' खाली त्याचं नाव, वर सहीपुरती जागा.

"सही करा."

राजकुमारने पेन काढलं. टोपण उघडलं. पुन्हा लावलं.

"साहेब, ह्याच्यावर मले सही नाही करता येत."

"कारण?"

"खरं नाही ना जी हे."

राजकुमारने दोन्ही तक्ते टेबलावर ठेवले. सतरा आणि सतरा दाखवलं. कॉपी असती तर आकडा पडला असता म्हणाला. साहेब म्हणाले, योगायोग. राजकुमारने गठ्ठ्यातून तीन नंबरचा पेपर काढला, गुड्डीचा कागद काढला, शेजारी शेजारी ठेवले. साहेबांनी चष्मा लावला. एक-एक आकडा ताडून पाहिला.

रंभाबाईंना राहवलं नाही. "आन् मी म्हणतो साहेब, उत्तरं सांगायचीच होती तर मॅडमनं पोट्ट्याइले काहून नाही सांगतली? ते का सवतीचे होते?"

"बाई, तुम्ही शांत राहा. झंझाड, मग हे अठ्ठावीस मनिषच्या नावावर कसे आले?"

राजकुमारने यादीचं सांगितलं. जुनी आधी मुलं, नवी आधी मुली. साहेबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आणि त्यांनी मॅडमकडे वळून विजयाने म्हटलं, "म्हणजे हजेरीपटाचा क्रम तुम्ही बदलला आणि कार्यालयाला कळवलं नाही! मग चूक तुमचीच. झंझाड, तसं लिहा. प्रश्न मिटला."

दार उघडं होतं. साहेबांनी स्वतः उघडून दिलं होतं. नुसती मान हलवायची, आणि घरी जाऊन पंधरा तारखेची वाट बघायची.

राजकुमारने मान हलवली. पण आडवी.

"यादी शाळेची हाये साहेब, त्याइनं कशीबी लिहावी. चिठ्ठी आली तेव्हा मी फोन करून विचारलं नाही. जुनी डायरी काढली. नावं मी लिहिली, संगणकात मीच भरली." आणि परवानगी न घेता खुर्चीत बसला.

साहेब अतिशय शुद्ध मराठीत बोलू लागले. ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, दुरुस्तीचा अर्ज लिहा, कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहा, आणि आजच सगळं नीट भरा.

त्या दुपारी दुरुस्ती झाली. मॅडमनी नव्या हजेरीपटावरून एक-एक नाव वाचायचं, राजकुमारने चिठ्ठीवरचे मार्क भरायचे. डोमा चहा घेऊन आला तो तेव्हाच. मॅडमचे डोळे लाल होते, हेही खरं. पण त्याला जे ऐकू आलं नाही, किंवा ऐकू आलं तरी बाजारात खपण्यासारखं नव्हतं, ते असं:

"सर, तुमाले केव्हा समजलं?"

"गुरुवारी. तुमच्या वर्गातच."

"आज सोमवार हाये."

राजकुमारने चिठ्ठीवरचं बोट एक ओळ खाली नेलं.

"चार दिवस मी अन्न नाही खाल्लं," मॅडम म्हणाल्या. "आमच्या घरच्यानं मले दोनदा विचारलं, खरं सांग, सांगितली होती का उत्तरं? घरच्यानं! अन् तुमाले माहीत होतं." मग हजेरीपटावर बोट ठेवून पुढचं नाव वाचलं. एकोणिसावं नाव झाल्यावर उठल्या आणि नमस्कार न करता गेल्या. त्यानंतर आजवर त्या त्याच्याशी कामापलीकडे बोललेल्या नाहीत.

पंधरा तारखेला सगळ्यांचे आदेश आले, राजकुमारचा आला नाही. तो रोज कचेरीत जाऊन बसायचा, कुणी विचारलं नाही आणि कुणी हाकललंही नाही. सात आठवड्यांनी कागद आला. नोकरी चालू, पण 'सक्त ताकीद' असा शेरा, आणि फिरायला तालुक्यातल्या सगळ्यात लांबच्या शाळा. पाकीट रुचिकानेच फाडलं. हल्ली तो कुठल्याही शाळेत गेला की आधी हजेरीपट मागतो, त्यामुळे मास्तर लोक त्याला पूर्वीपेक्षा जास्त भितात. मनिषच्या बापाने मनिषला पेढ्यांबद्दल पुढे बरंच ऐकवलं असं कळतं. त्यात मनिषची चूक काय, ते मला आजही सांगता येत नाही.

आता बाजारातल्या गोष्टीबद्दल. राजकुमार झंझाडने एकोणीस मुलांचे मार्क चुकीच्या नावांपुढे भरले होते. ते त्याने बरोबर नावांपुढे भरले, आणि चूक आपली असं लिहून सही केली. शिंगाडे कुणी आणले नव्हते.